अंगणपट्टीची मोहीम : डेझी आणि तुरेवाले गवत

"प्रतिमा, दारापुढची जागा उघडी ठेवू नको वं माय. जे लावशीन थे देवाले वाहता आलं पाह्यजे, अन् रस्त्यानं जाणाऱ्यानं पाह्यलं तं त्याचं तोंड हासलं पाह्यजे."

ऐशी आज्ञा मातोश्री आशाबाईसाहेब यांणी, कैलासवास होण्यापूर्वी, खाटेवर उशीस टेकून, आपल्या थोरल्या सूनबाई प्रतिमाबाईसाहेब यांस केली, आणि वरून ऐसेही बजाविले की, "नुसतं हाव हाव म्हनून मान हालवू नको, ध्यानात ठेव." त्या आज्ञेचे दोन शब्दांवरून पुढे जानेफळ मुक्कामी, डेझी नामे फूलझाड आणि तुरेवाले गवत, या उभय मातबर सरदारांमध्ये अंगणाचे मालकीविषयी जो तंटा माजला, आणि मग ज्यात पती पत्नीशी अबोला धरून राहिले, शेतच्या बाया चालून आल्या आणि एका बकरीने लूट केली, ती हकिकत श्रीगजाननाचे स्मरण करून येथे लिहिली असे. तिखटमीठ लाविलेले नाही. चातुर्मासात मीठ बेताचेच बरे. चूकभूल जाहली असेल ती वाचणाराने पोटात घालावी.

ऐसियास, राज्याची स्थिती येणेप्रमाणे. परगणे मेहकर, कसबे जानेफळ, येथे राजश्री चिंतामणराव, शाळेचे कचेरीतून पेन्शनीवर उतरलेले, आपले कुटुंब प्रतिमाबाईसाहेब यांसह नांदत होते. घरापुढे ओटा, ओट्यापुढे सडक, आणि या दोहोंमध्ये एक लुगडे वाळत घालावे इतुकी मातीची पट्टी, हाच काय तो मुलूख. पूर्वी त्यावर तगर, शेवंती, जास्वंद ऐसे जुने मानकरी होते. परंतु उन्हाळ्यात बोअरने दगा दिला आणि मानकरी उभ्या जागी गारद जाहले, आणि मग मुलूख उजाड पडला. पाणी म्हणावे तर मोरीचे, आणि ते उतारामुळे याच पट्टीस पोहोचे, दुसरीकडे नाही. सबब, जे काही लावणे ते येथेच लावणे प्राप्त जाहले.

शेजारचे बिऱ्हाड बाईसाहेबांचे धाकटे दीर गुलाबराव यांचे. हे बीटी कपाशीचे नामांकित सरदार, आणि त्याहून नामांकित त्यांचे हसणे. गुलाबराव ओट्यावर बसून हसले म्हणजे लिंबावरच्या साळुंक्या उडून जात, आणि पलीकडचे गल्लीत चुलीवरचा चहा उतू जाई, ऐसी त्या हसण्याची सलाबत. परंतु गतसाली गुलाबी बोंडअळी, जी बीटीसही भीक घालीत नाही ऐशी, शिवारात उतरली, आणि बोंडाबोंडात ठाणी घालून बैसली. बाहेरून बोंड शाबूत, आणि फोडून पाहावे तो आत डागी कवडी कापूस आणि पोखरलेली सरकी. तेव्हा गुलाबरावांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीचे पिकात, रोटाव्हेटर फिरविला, आणि त्या रोजापासून त्यांचे हसणे बंद जाहले. घरात हिंडत फिरत, जेवत, औंदा कपाशीही पेरली, परंतु ओट्यावर बसणे नाही, सडकेने जाता मान वर करणे नाही. साळुंक्या लिंबावर निर्धास्त नांदू लागल्या. हे प्रतिमाबाईसाहेबांचे जिवास फार लागले.

मग बाईसाहेबांनी, ज्यांचा आवाज देव्हाऱ्यातील घंटेवर चढल्याचे कोणी ऐकिले नाही, मनातल्या मनात संकल्प सोडिला की, या चातुर्मासात नित्य सकाळी आपले दारी उमललेले फूल देवास वाहावे, बाजारचे नको, लोकांचे कुंपणातून खुडलेले नको, आणि फूल वाहिल्याखेरीज अन्नाचा घास घेऊ नये. आणि जे दिवशी गुलाबराव भाऊजी ओट्यावर बसून पूर्ववत हसतील, त्याचे दुसरे दिवशी मेहकरास बालाजीचे पायाशी अनवाणी चालत जावे. हा नवस त्यांणी कोणास कळविला नाही, पतीसही नाही. बोलून दाखविला की नवसाचे तेज उतरते, ऐसा त्यांचा भरवसा.

आता चातुर्मास तोंडावर, आणि अंगणात फूल म्हणावे तर एक नाही. ऐशा नाजूक समयी राजश्री चिंतामणराव एका लग्नाचे निमित्ते नांदुऱ्यास स्वारीवर गेले. तेथे कार्यालयाचे दारात त्यांणी एक अपूर्व वस्तू पाहिली. ते गवत होते, परंतु काय गवत! पुरुषभर उंच, पाती करवतीसारखी, आणि वर रुपेरी तुरे, वाऱ्यावर ऐसे डोलत की जणू दरबारात चवऱ्या ढाळतात. राव पंगत विसरले. जिलबी पानावर तशीच राहिली. मग रोपवाटिकेचा ठाव काढिला, आणि तुऱ्यांसुद्धा गवताची ठोंबे खरेदी करून, पोत्यात बांधून, खामगावावरून एसटीने कूच दरकूच निघाले. मार्गात मोठी धामधूम जाहली. पुढचे बाकावरील एका वृद्ध गृहस्थाचे कानात तुरा शिरे, आणि गृहस्थ दर खेपेस माशी म्हणून आपलेच कानशिलात हाणून घेई, आणि अखेरीस मागे वळून त्यांणी ऐसा सवाल केला की, "काय बे, झाडू विकाले चालला का?" रावांनी अपमान गिळिला, आणि पोते मांडीवर आवळून धरिले. थोरांस ऐसे प्रसंग येतातच.

इकडे बाईसाहेबही स्वस्थ नव्हत्या. गल्लीच्या टोकाशी अख्तरीबी राहात. त्या रोपे करून विकीत, आणि बकऱ्याही पाळीत. त्यांजकडून बाईसाहेबांनी डेझीची रोपे आणिली. ही डेझी म्हणजे पांढऱ्या पाकळ्या, मध्ये हळदीचे बोट लाविल्यासारखा पिवळा ठिपका, रोज नवे तोंड धुऊन उभी. अख्तरीबींनी ऐसा कौल दिला की, "भाभी, बेफिकर ले जाओ. मोरीच्या पान्यावर जगते, अन् रोज फूल देते. रोजच्या रोज."

संध्याकाळी उभय फौजा एकाच ओट्यावर समोरासमोर येऊन ठेपल्या. इकडे डेझी, तिकडे गवत, मध्ये पट्टी एक. मग पती-पत्नींनी दरबार भरविला आणि तुलना चालली, ती येणेप्रमाणे.

रावांनी मातोश्रींचे आज्ञेचे दुसरे कलम पुढे केले, आणि फर्माविले की, "बाईनं सांगतलं होतं, रस्त्यानं जाणाऱ्याचं तोंड हासलं पाह्यजे. हे गवत पाह्य! पानी नाही लागत, खत नाही लागत, फवारा तं नाहीच नाही. मानसानं फक्त पाहाचं अन् डोलाचं."

बाईसाहेबांनी पहिले कलम पुढे केले, आणि अत्यंत हळू आवाजात जबाब दिला की, "अवो, पण देवाले काय वाहू? वारा?"

रावांनी मग शास्त्राधार काढिला की, "गणपतीले दुर्वा चालते ना? दुर्वा म्हनजे काय गुलाब हाये? गवतच हाये ना थे?"

"दुर्वा दुर्वा हाये. हे तं उलटा झाडू उभा केल्यावानी दिसते."

एकाच रोजात झाडू ऐसे दोनदा ऐकिल्याने राव लाल जाहले, आणि डेझीवर उलट हल्ला केला की, "अन् तुह्या फुलाले वास कुठी हाये? भजं तळलं तं त्यालेही वास येते!"

"देव काय वास घ्याले बसला का? त्याले भाव लागते."

तेव्हा अख्तरीबी, ज्या रोपे ठेवून अद्याप गेल्या नव्हत्या, लवाद होऊन बोलिल्या की, "भाईसाब, नाराज मत हो. तुमचा घास साल में एक बार तुरा काढते. डेजी रोज फुलते. आता तुमीच सांगा, रोज काम करनारी सून बरी का दिवाळीले येनारा जवाई?"

यावर रावांनी "तुमी तं सूनच म्हनान, रोपं तुमचीच हायेत!" ऐसा टोला दिला, आणि मग तिघेही हसली, आणि तह जाहला. पट्टी मधोमध वाटावी, सडकेकडील निम्मी गवतास, ओट्याकडील निम्मी डेझीस. सरहद्द म्हणून बाईसाहेबांनी मध्ये रांगोळीची रेघ ओढिली, आणि रेघेचे दोन्ही टोकांस, सवयीने, एकेक स्वस्तिकही काढिले.

चातुर्मास लागला. डेझीने शब्द राखिला. नित्य प्रातःकाळी बाईसाहेब ओल्या केसांनी येत, एक फूल खुडीत, आणि देव्हाऱ्यात वाहीत, आणि मग पहिला घास घेत. सडकेकडे गवत डोलत असे, आणि राव ओट्यावर बसून त्यासमवेत डोलत. आणि नित्य गुलाबराव फवाऱ्याचा पंप पाठीस लावून शेतास जात, मान खाली, ना फुलाकडे नजर, ना तुऱ्याकडे. बाईसाहेब दारातून पाहात, आणि मग आत जाऊन दिव्याची वात सारखी करीत.

ऐसे चालले असता श्रावणात आकस्मिक परचक्र आले. गुलाबरावांचे शेतातून निंदण, म्हणजे खुरपणी, करून बायांची टोळी परतत होती. या टोळीच्या सरदार सिंधूताई. जन्मभर कपाशीच्या तासांतून तण उपटीत आलेल्या, इतुक्या की डोळ्यास गवत दिसण्याआधी हातास दिसावे. बाया पाणी मागावयास ओट्यापाशी थांबल्या. बाईसाहेब पोथी ऐकावयास मंदिरी गेलेल्या, राव बाजारात. सिंधूताईंनी सडकेकडील मुलूख न्याहाळिला, आणि त्यांचे काळजात धस्स जाहले.

"अवं माय! प्रतिमाबाईच्या दारात केवढं तन माजलं वं! आशाबाई असती तं असं झालं असतं का?"

दुसरी वदली की, "उपासात निरा अर्धी झाली बिचारी. तिच्याच्यानं निंदनं होते का?"

तेव्हा सिंधूताईंनी कंबरेचे खुरपे काढिले आणि हुकूम सोडिला की, "चाला वं, पुन्य लागीन. फुलाले धक्का लागू नका देऊ."

आणि मग काय वर्णावे! हर हर म्हणावयास अवकाश नाही तोच तुरेवाले गवत मुळासकट उखडले गेले. पात्यांनी बोटे कापली, परंतु बायांनी हार खाल्ली नाही. उलट "लय जहाल तन हाये हे, बरं झालं वेळेवर आलो," ऐसे एकमेकींस म्हणाल्या. मग शेतातील रिवाजाप्रमाणे उपटलेले तण धुऱ्यावर, म्हणजे डेझीचे वाफ्याचे कडेकडेने चहूकडे, फेकून दिले, डेझीची माती प्रेमाने भुसभुशीत केली, आणि ओट्यावर घाम पुशीत बैसल्या.

तितक्यात राव बाजाराहून आले. हातातील पिशवी गळाली. टमाटे सडकेने मेहकरचे दिशेस घरंगळत गेले.

"हे काय केलं, सिंधूताई?"

"तन काढलं, भाऊ. मजुरी नको. च्या पाजा."

"अवो, थे तन नव्हतं! थे शोभेचं गवत होतं! नांदुऱ्याहून इकत आनलं होतं!"

"इकत?" सिंधूताई उभ्या राहिल्या, आणि बायांकडे पाहिले, आणि रावांकडे पाहिले. "अवो भाऊ, इथं गवत काढू काढू आमच्या कंबरा गेल्या, अन् तुमी गवत इकत आनता? मंग आमाले सांगतलं असतं, टोपलं भरून आनून देल्लं असतं!"

बायांनी पदर तोंडास लाविले, परंतु हसणे पदरात मावेना. गल्ली गोळा जाहली. अख्तरीबी हसता हसता भिंतीस टेकल्या. बाईसाहेब मंदिरातून आल्या, आणि त्यांसही हसू आवरेना. इतुक्यात गुलाबराव शेतातून परतले. ते क्षणभर थांबले, आणि त्यांचे मिशीचे एक टोक किंचित हालले, ऐसे बाईसाहेबांस वाटले. परंतु टोक पुन्हा स्थिर जाहले, आणि गुलाबराव मान खाली घालून निघून गेले.

रावांनी मात्र पत्नीचे हसणे तेवढे पाहिले, आणि मनात धरिले की ही फितुरी होय, टोळी येथूनच आमंत्रिली. त्या रोजापासून अबोला. राव स्वहस्ते चहा करू लागले. पहिल्याच दिवशी साखर समजून मीठ पडले, आणि बाईसाहेब समोरच बसलेल्या, सबब रावांनी तो चहा बशीत ओतून, घोट घोट, इभ्रतीखातर प्राशन केला.  सायंकाळी साखरेचा डबा पुढे आणि मिठाचा मागे, इतकाच फेरफार मांडणीवर आढळला. आणि नित्य तांदूळ धुतलेले पाणी बाईसाहेब डेझीच्या मुळाशी घालीत, ते आता जरा लांबून, कडेच्या कचऱ्यापर्यंत पोहोचेल ऐसे, फेकू लागल्या.

आता गवताचा मुलूख उघडा पडला, म्हणजे सडकेकडील दरवाजाच मोकळा जाहला. ही खबर अख्तरीबींची बकरी, नामे शहजादी, हिजला लागली. शहजादी म्हणजे पांढरे कान, काळे अंग, आणि चालण्यात ऐसा डौल की गल्ली माहेरची आंदण असावी. एके दुपारी शहजादी दावे तोडून आली, मोकळे मुलखातून शिरली, बाया टाकून गेल्या त्या गवताचे सुकलेले ढीग ओलांडिले, आणि डेझीचे फूल, कळी, पान, काही शिल्लक न ठेविता सफाचट केले, आणि वर ओट्यावर चढून रवंथ करीत बैसली.

अख्तरीबी धावत आल्या आणि कपाळ बडविले की, "या अल्ला! भाभी, इसने तं तुमच्या देवाचं फूल खाल्लं! काट डालूँगी मैं इसको!"

बाईसाहेबांनी बकरीचे पाठीवरून हात फिरविला, आणि म्हणाल्या की, "जाऊ द्या, अख्तरी. तिच्याही पोटात देवच हाये. त्याले भूक लागली असन." परंतु म्हणताना आवाज नेहमीहून बारीक होता.

दुसरे दिवशी सकाळी स्नान जाहले, दिवा जाहला, आणि तबकात फूल नाही. बाईसाहेब तशाच जप करीत बैसल्या. स्वयंपाक केला, रावांचे पान वाढिले, आपले वाढिले नाही. राव पानावर बसले, आणि समोरची मोकळी जागा पाहिली, आणि घास हातातच राहिला. अबोला असल्याने विचारणे मुश्किल, आणि न विचारता गिळणे त्याहून मुश्किल. कोणी कळविले नसले तरी, दारचेच फूल वाहून मग घास, लोकांचे कुंपणास हात नाही, हा बाईसाहेबांचा नेम रावांनी ओट्यावरून नित्य पाहिला होता. मग राव हात धुऊन बाहेर आले, आणि अंगणात खाली बसून मुलूख शोधू लागले. डेझीची खुंटे मात्र उभी. आणि कडेस, जेथे तण म्हणून फेकिले होते, तेथे एक ढीग हाताने उलथला, तो हालेना. पुन्हा ओढिला, हालेना. गवताने माती धरिली होती! वरून सुकले, परंतु पावसाने आणि तांदळाचे पाण्याने खालून मूळ उतरले होते. आणि त्यात, चिखल लागलेले, परंतु शाबूत, जुने तुरे.

रावांनी एक तुरा धुतला, झटकिला, धोतराने पुसला, आणि न बोलता तबकात आणून ठेविला. मग अबोला मोडून इतकेच म्हणाले की, "आपल्याच दारातला हाये. कोनाच्या कुंपनातला नाही."

बाईसाहेबांनी तुऱ्याकडे पाहिले, आणि गणपतीकडे पाहिले. उलटा झाडू ऐसे आपणच म्हटले होते, तेही स्मरले. मग तो तुरा उभय हातांनी गणपतीस वाहिला, आणि तुरा मूर्तीहून मोठा, सबब गणपतीचे मुखच दिसेना, तेव्हा दोघांसही हसू लोटले. पान वाढले गेले. चहा एकाच पातेल्यात उकळला. पुढे डेझीस नवी कळी येईतो तेच तुरे पुरवून पुरवून वाहिले, आणि व्रत अभंग राहिले.

भादव्यात नवल घडले. फेकलेले गवत कडेकडेने उठले आणि वाफ्याभोवती तटबंदी जाहली, पाती करवतीची, मध्ये डेझी पुन्हा पांढरी फुलली, आणि तटावर एक नवा तुराही डोलू लागला. कोणी योजिले नाही, कोणी बांधिले नाही, श्रीची इच्छा.

हे शहजादीस ठाऊक नव्हते. ती एके सकाळी पूर्वविजयाचे तोऱ्यात चालून आली, आणि थेट फुलास तोंड घातले. पाते नाकात शिरले. शहजादी शिंकली. ऐशी शिंकली की चारी पाय एकदम भुईवरून सुटले. मग मागे सरून, मान तिरपी करून, व्याही मंडळींत मान न मिळालेल्या विहिणीप्रमाणे तटाकडे पाहिले, आणि दुसऱ्या बाजूने हल्ला केला. पुन्हा शिंक. तिसऱ्या बाजूने. पुन्हा शिंक. अखेर सडकेचे मध्यभागी, अंगणाकडे पाठ फिरवून, फतकल मारून बैसली, आणि बसल्या जागी आणखी एकदा शिंकली.

आणि नेमके तेच समयी गुलाबराव पंप पाठीस लावून येत होते. वाट बकरीने अडविली, म्हणून मान वर करणे भाग पडले. त्यांणी बकरी पाहिली. तट पाहिला. मिशीचे एक टोक हालले. मग दुसरे हालले. मग पोट हालले, आणि पाठीवरचा पंप खडखडू लागला, आणि मग तो हसण्याचा लोंढा सुटला की लिंबावरच्या यच्चयावत साळुंक्या एकदम उडाल्या, आणि पलीकडचे गल्लीतून कोणाचा चहा उतू गेल्याची बोंब आली. हसता हसता गुलाबरावांनी पंप उतरविला आणि ओट्यावर, आपले जुने जागी, बसकण मारिली.

"वहिनी, च्या ठेवा बरं! अवो, बीटीच्या थैलीत एक लहान पुडी येते, साध्या कपाशीची. अळीसाठी भवताल बॉर्डर लावाची म्हन्ते. मी दर साली फेकून देतो. अन् तुमच्या इथं फेकून देल्लं, तं त्याचीच बॉर्डर लागली!" आणि पुन्हा हसले. "दादा, तुह्या झाडूनं तं गड राखला बे!"

झाडू ऐसे तिसऱ्यांदा ऐकूनही राव लाल जाहले नाहीत.

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. त्यांणी पदराचे टोक डोळ्यास लाविले, आणि नेहमीचे हळू आवाजात विचारिले की, "साखर किती टाकू, भाऊजी?"

येणेप्रमाणे जानेफळ मुक्कामी मोहीम फत्ते जाहली, ती दप्तरी नोंद राहावी म्हणून लिहिले असे की, आतील किल्ला डेझीस आणि बाहेरील तट गवतास, ऐसे वंशपरंपरा बहाल जाहले. सिंधूताई आणि त्यांची टोळी यांस येता जाता चहाचा मान, परंतु खुरपे ओट्याखाली ठेवून. शहजादीस तटापासून दोन हात दूर राहण्याची ताकीद, आणि नैवेद्याची पोळी इनाम. आणि मातोश्री आशाबाईसाहेबांचे आज्ञेतील दोन्ही कलमे, देवास वाहणे आणि जाणाऱ्याचे तोंड हसणे, एकाच अंगणात बजाविली गेली. उभय पक्षांनी विडा खाल्ला.

दुसरे दिवशी पहाटे पूजा आटोपली. बाईसाहेबांनी एक डेझी आणि नवा तुरा ओल्या फडक्यात गुंडाळिला, चपला काढून ओट्याचे कडेस जोडीने ठेविल्या, तटावरून एकदा हात फिरविला, आणि कोणास न सांगता मेहकरची वाट धरिली. सडकेस खडी टोचत होती आणि त्या नाम घेत चालल्या होत्या. वळणावर सहज मागे पाहिले. ओट्याशी त्यांचे चपलांशेजारी आणखी एक जोड काढून ठेविलेला होता, आणि राजश्री चिंतामणराव पाण्याची बाटली काखेस मारून, अनवाणी, काही अंतर राखून मागून येत होते. कोठे, काऊन, ऐसे त्यांणी विचारिले नाही.